दुखणं थांबलं, पण पाऊल उचलेना: दबलेल्या नसेचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावचे कास्तकार. वय ५२. सात एकर वावर, त्यातल्या दोनेक एकराला विहिरीचं पाणी, बाकी कोरडवाहू. सोयाबीन, तूर, कपाशी. साखर नाही, बीपी नाही, खर्रा (तंबाखू-सुपारी) आहे. नाव-गाव मुद्दाम देत नाही. पुढे त्यांना काकाजी आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणते, कारण दवाखान्यातही मी त्यांना तसंच म्हणते.

मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपी करते. कंबरदुखीचे रुग्ण रोजचेच, त्यात नवल नाही. हे प्रकरण सविस्तर मांडतेय ते एका गैरसमजापायी, जो आमच्याकडे दर हंगामात कुणाला तरी भोवतो. दुखणं उतरलं की माणूस बरा झाला, असं घरचे धरतात, गाव धरतं, कधी कधी औषध देणाराही धरतो. नस दबलेली असते तेव्हा दुखणं आणि ताकद यांचे हिशेब वेगळे चालतात. एक सुधारत असताना दुसरी ढासळू शकते.

हंगामातली चमक

दसऱ्याच्या आसपास सोयाबीन मळणीला आलं होतं. मजूर मिळेनात, आभाळ भरून आलेलं, म्हणून काकाजींनी भरलेले कट्टे स्वतःच उचलून ट्रॉलीत टाकायला घेतले. वाकून उचलायचं आणि उचलल्या उचलल्या कंबर वळवून फेकायचं, यात मणक्याच्या चकतीवर सगळ्यात वाईट ताण येतो. एका कट्ट्याला कमरेत चमक भरली. तशाच अवस्थेत उरलेले कट्टे टाकले. रात्री बाजेवरून उठता येईना.

दोन दिवसांनी दुखणं कमरेतून डाव्या पायात उतरलं: कुल्ला, मांडीची बाहेरची बाजू, नडगीची बाहेरची बाजू आणि शेवटी पावलाच्या वरच्या भागावरून अंगठ्यापर्यंत. खोकला आला तरी कळ थेट अंगठ्यात जायची. बोटानं रेघ ओढून दाखवावी इतक्या नेमकेपणानं ते हे सांगत. रुग्ण असा रस्ता दाखवतो तेव्हा माझं अर्धं काम तिथेच होतं, कारण कोणती नस दबली हे तो रस्ताच सांगतो.

पुढचं सगळं नेहमीसारखंच. गावात सुई टोचून घेतली, तात्पुरता आराम पडला. शेजारच्या गावात एक पायाळू गृहस्थ आहेत, त्यांच्याकडून कमरेला लाथ मारून घेतली. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, ही समजूत आमच्याकडे अजून पक्की आहे, आणि साध्या स्नायूच्या उसणीत ती खरीही वाटते, कारण ती उसण तशीही चार-आठ दिवसांत जाते. चकती सरकलेल्या कमरेवर मात्र लाथ म्हणजे उगाच जोखीम. मग बिब्बा लावला. मग तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा शेक.

या शेकानंच पहिली खूण दिली, पण ती कुणाला वाचता आली नाही. पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्याजवळ फोड आला आणि तो कधी आला हे काकाजींना कळलंच नाही. पोळल्याचं न कळणं म्हणजे तिथली संवेदना गेलेली असणं. घरात अर्थ लागला तो वेगळा: वाळू जास्त तापली होती.

साधारण दोन आठवड्यांनी दुखणं झपाट्यानं उतरलं. घरात सुटकेचा श्वास. दिवाळीच्या आधी ते वावरात जाऊ लागले.

काकूंचं निरीक्षण

भाऊबीज झाल्यावर दोघं माझ्याकडे आले, ते पायासाठी नव्हे तर "कमरेला पट्टा कोणता घेऊ" हे विचारायला. पट्ट्याचं बोलणं चाललं असताना काकू म्हणाल्या, "मॅडम, दुखणं तं गेलं. पण यायच्या चपलेचा आवाज बदलला. एक पाय बराबर पडते, दुसरा फटकन आपटते."

मी त्यांना व्हरांड्यात चालायला लावलं. उजवं पाऊल नेहमीसारखं टाचेवर पडून पुढे टेकत होतं. डाव्या पावलाची टाच टेकली न टेकली तोच पुढचा भाग ताबा सुटल्यासारखा फरशीवर आपटायचा. पुढचं पाऊल टाकताना अंगठा घासू नये म्हणून गुडघा गरजेपेक्षा वर उचलला जात होता. चप्पल दोनदा निसटली. धुऱ्यावरून (बांधावरून) उतरताना आपण पडलो होतो, हे काकाजींनी तेव्हा सांगितलं, तेही हसत. "माहाच पाय हाय, पण आयकून नाही राह्यला."

काकूंनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "लकवा तं नाही ना मारला?" गावात बऱ्याच जणांनी तसं म्हटलं होतं.

नस कुठे दबली असेल?

पाऊल लुळं पडलं म्हणजे कंबरेतच बिघाड, असं धरून चालणं धोक्याचं. विदर्भात तर जास्तच, कारण इथे पाऊल पडण्याची कारणं बरीच आहेत आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा.

लकवा आधी बाजूला काढला. मेंदूतून येणाऱ्या लकव्यात पाय सहसा ताठरतो, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय जास्तच उडतो, आणि बहुधा हात किंवा चेहराही सोबत असतो. इथे पाय सैल होता, हात-तोंड ठीक.

नंतरचा प्रश्न जास्त बारीक होता. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या त्या छोट्या हाडाच्या मानेवरून वळते. तिथे ती अगदी कातडीखाली असते. तासन् तास उकिडवं बसून निंदण किंवा सोयाबीनची कापणी केली तर ती तिथे दाबली जाते आणि पाऊल तसंच पडतं. काकाजींनी हंगामात तेही केलं होतं. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे, पण ती करून बघावी लागते. गुडघ्याजवळ नस दबली तर पाऊल आतल्या बाजूला वळवायची ताकद शाबूत राहते, कारण त्या स्नायूची नस वेगळ्या वाटेनं जाते. कमरेतली पाचवी नस दबली तर आत वळवणंही कमजोर होतं, आणि कुशीवर झोपून पाय वर उचलणारा कुल्ल्याचा स्नायूसुद्धा. काकाजींचं दोन्ही कमजोर होतं. म्हणजे दाब गुडघ्याच्या पुष्कळ वर.

त्याच जागी बोट ठेवून नस जाडसर लागते का, हेही पाहिलं. अंगावर न खाजणारा, बधिर चट्टा आहे का, तेही. कुष्ठरोगात हीच नस सुजते आणि पाऊल पडतं. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती सुरू केली १९४९ मध्ये, आणि आज बहुऔषधी उपचारांनी रोग पूर्ण बरा होतो, तरी आमच्या भागातून तो संपलेला नाही. नसेची कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर वेळेवर स्टिरॉइड देऊन पुष्कळदा ताकद परत मिळते. म्हणून पाऊल पडलेल्या प्रत्येकाची ती नस चाचपायची, हा माझा नियम आहे. काकाजींची साधी होती.

फवारणीबद्दल खोदून विचारलं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पोचली. काही ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांची मोठी बाधा झाली तर एक ते तीन आठवड्यांनी पायांची ताकद जाऊ शकते, पण ती दोन्ही पायांची आणि खालून वर चढत जाणारी. पूर्व विदर्भात लाखोळीच्या डाळीमुळे होणारा पांगळेपणाही दोन्ही पायांत असतो, आणि त्यात पाय ताठरतात. काकाजींचं एकाच पायाचं, सैल, दुखण्यापाठोपाठ आलेलं. ही दोन्ही कारणं गळाली.

शेवटचे प्रश्न लाजेचे असतात, पण ते टाळता येत नाहीत. लघवी तुंबते का, कळत नाही का, संडासवर ताबा आहे का, सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा आहे का. यातलं एकही "हो" आलं असतं तर पुढचं काहीच न करता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. मणक्याच्या खालच्या नसांचा सगळा जुडगाच दाबला गेल्याची ती खूण, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. काकाजींची उत्तरं नकारार्थी होती.

ताकद मोजायचं माप जगभर एकच आहे, शून्य ते पाच. पाच म्हणजे पूर्ण. तीन म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध अवयव उचलता येतो, पण जरासा विरोध केला की पडतो. काकाजींचा पाऊल उचलणारा स्नायू तीन, अंगठा वर करणारा दोन, कुल्ल्याचा चार. पोटरी पाच. टाचेमागच्या कंडरेवरचा हातोडीचा झटका नीट. चित्र पाचव्या कंबर-नसेचं, डाव्या बाजूचं.

एमआरआय, 'गॅप' आणि निर्णय

यवतमाळला एमआरआय झाला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती डाव्या बाजूला फुटून तिचा तुकडा पाचव्या नसेवर बसलेला. त्याखालच्या चकतीलाही फुगवटा. घरच्यांनी रिपोर्टमधल्या ओळी मोजल्या आणि "चार ठिकाणी गॅप हाय" ही बातमी गावभर झाली. 'गॅप' या शब्दानं आमच्याकडे जेवढी माणसं घाबरवली तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दानं घाबरवली असतील. कंबर कधी दुखलीच नाही अशा चाळिशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तरी जवळपास निम्म्यांत चकतीचा फुगवटा दिसतो. काकाजींच्या रिपोर्टमध्ये कामाची ओळ एकच होती, आणि ती तपासणीशी जुळत होती म्हणूनच कामाची होती.

चकती नसेवर बसून पायात कळ येते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकी सर्जनांनी १९३४ मध्ये मांडलं. तेव्हापासून वाद एकच: काढायची कधी? नुसतं दुखणं असेल तर बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत आपोआप खाली येतं आणि फुटलेला तुकडाही पुष्कळदा शरीर जिरवून टाकतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेले आणि थांबून पाहिलेले, असे दोन्ही गट वर्षाअखेर जवळजवळ सारख्याच तब्येतीत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली. या अभ्यासाचा दाखला सर्रास दिला जातो, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते: पाय स्वतःच्या वजनाविरुद्धही उचलता येत नाही अशा रुग्णांना त्यात घेतलंच नव्हतं. "थांबा, आपोआप जाईल" हा सल्ला दुखण्यासाठी आहे. ताकद तीनवर येऊन आणखी घसरू शकणाऱ्या पायाला तो तसाच्या तसा लावता येत नाही.

सर्जननी शस्त्रक्रिया सुचवली. काकाजी तयार नव्हते. कपाशी फुटली होती, पहिली वेचणी तोंडावर. "ऑपरेशन केलं का माणूस कामातून जाते, लोक तं असंच म्हणतात." मी जोर केला नाही, पण मोकळंही सोडलं नाही. सर्जनशी बोलून एक अट ठरली: दर दोन-तीन दिवसांनी घरीच मोजायचं, आणि घसरण दिसली की चर्चा बंद. मोजणारी व्यक्ती काकू. खुर्चीवर बसवून टाच जमिनीला टेकवायची, पाऊल वर उचलायला सांगायचं आणि भिंतीवर कोळशानं खूण करायची, चवडा कुठवर येतो ती. दुखतंय की नाही हे विचारायचं नाही.

पहिल्या तीन खुणा एकाखाली एक उतरत गेल्या. त्या आठवड्यात दुखणं जवळजवळ शून्य होतं आणि काकाजी खुशीत होते. दुखणं विझणं आणि ताकद जाणं एकत्र दिसलं की मला काळजी वाटते, कारण फार दाबली गेलेली नस कळ पाठवणंही थांबवू शकते. काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं, "मॅडम, खून खालीच चालली." मी पाहिलं तेव्हा ताकद दोनवर आली होती.

शस्त्रक्रिया जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कागद बसले. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून धरलेल्या चौदा जिल्ह्यांत यवतमाळ असल्यानं इथे पांढऱ्या शिधापत्रिकेवरच्या शेतकऱ्यांनाही योजना आधीपासूनच लागू होती, हे पुष्कळ घरांना ठाऊक नव्हतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलापाशी आधी जायचं, बाकी नंतर. कमरेला छोटी चीर, चकतीचा सुटा तुकडा काढला, दुसऱ्या दिवशी काकाजी उभे राहिले.

"ऑपरेशन फसलं का जी?"

टाके निघायच्या सुमाराला काकूंचा प्रश्न आला. पाऊल अजून तसंच पडत होतं. दाब काढला म्हणजे पाय दुसऱ्या दिवशी उचलेल, अशी घरच्यांची समजूत झाली होती. तसं होत नाही हे त्यांना आधी कुणी बसवून सांगितलं नव्हतं. मी त्यांना ओलिताच्या पाइपाचं उदाहरण दिलं. पाइपावरचा दगड काढला की पाणी लगेच चालू होतं, पण सुकलेलं झाड त्याच संध्याकाळी उभं राहत नाही.

नसेचं गणितही सांगितलं. नस नुसती दबून बंद पडली असेल तर आठवड्यांत जागी होते. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. कमरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंत अंदाजे पाऊण मीटर. म्हणजे सगळंच तुटलं असेल तर दोन वर्षं. बहुतेकांत दोन्हींचं मिश्रण असतं, म्हणून थोडी ताकद लवकर येते आणि उरलेली रेंगाळते. शस्त्रक्रियेआधी कमजोरी किती खोल होती, यावर शेवटचा निकाल बराच अवलंबून असतो.

"मशीन लावा न मॅडम, करंट देल्यानं जीव येईन पायात," असा काकाजींचा आग्रह. करंटचं मशीन मी वापरते, पण त्याच्या जिवावर पाय उभा राहतो असं मानत नाही. त्याचा तोटा असा की रुग्ण पडून राहतो आणि काम मशीनवर सोपवतो. व्यायाम दिले ते मोजके. दुपट्टा चवड्यात अडकवून पोटरी ताणायची, कारण पाऊल सतत लोंबत राहिलं की पोटरी आखडते आणि मग ताकद परत आली तरी पाऊल वर येत नाही. कुशीवर झोपून पाय वर. बसून चवडा वर, नुसता प्रयत्न झाला आणि हललं काहीच नाही तरी. ताकद तीनच्या वर गेल्यावर भिंतीला हात लावून टाचेवर चालणं. चहा उकळेपर्यंत एक प्रकार, गुरांना पाणी दाखवून आल्यावर दुसरा. वेगळा वेळ काढून व्यायाम करणारा कास्तकार मला अजून भेटायचा आहे.

काळ्या मातीतलं पाऊल

आता खरा भाग. पाय पूर्ण येईपर्यंत महिने जाणार, आणि वावर महिने थांबत नाही.

पावलाला आधार म्हणून प्लास्टिकची पट्टी मिळते, पोटरीच्या मागून तळव्याखाली जाणारी, एएफओ म्हणतात ती. सपाट रस्त्यावर, बंद बुटात ती उत्तम. काकाजींनी एक नंबर मोठा कॅनव्हास बूट घेतला आणि बाजाराला, दवाखान्याला ती वापरली. वावरात ती दोन दिवसांत कोपऱ्यात गेली. ओल्या काळ्या मातीचं ढेकूळ बुटाला चिकटलं की पाऊल दुप्पट जड होतं, आणि आपली अडचणच पाऊल उचलण्याची. गमबूट तर त्याहून जड. शिवाय बधिर कातडीला आत घाम आणि घासणं.

उपाय गावातल्या चपला शिवणाऱ्या कारागिरानं काढला. मागून पट्टा असलेली हलकी सँडल. तिच्या पुढच्या पट्ट्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि ती वर ओढून घोट्याच्या जरा वर बांधलेल्या मऊ कापडी पट्ट्याला अडकवलेली. पाऊल उचललं की रबर चवडा वर ओढून धरतं. पहिल्या नमुन्यात कारागिरानं वरचा पट्टा गुडघ्याखाली बांधला होता. तो मी लगेच काढायला लावला. तिथे आवळून बांधलं की मघाशी सांगितलेली हाडावरची नस दबते, म्हणजे कमरेतून सोडवलेली नस गुडघ्यापाशी पुन्हा अडकवल्यासारखं. घरगुती जुगाड करणाऱ्यांनी एवढं एक सांभाळावं. पट्टा घोट्याच्या वर, आणि आत बोट जाईल इतका सैल.

काठीला काकाजी लाजत होते. "म्हतारा झालो का मी?" पण बैल हाकायची तुतारी हातात असली तर कुणी काही म्हणत नाही, म्हणून तीच काठी झाली. ती त्यांनी सवयीनं डाव्या हातात धरली. कमजोर पाय डावा, म्हणून काठी उजव्या हातात हवी. हे पटायला वेळ लागला, कारण दुखऱ्या बाजूलाच आधार द्यावा असं प्रत्येकाला आतून वाटतं. चार पावलं दोन्ही पद्धतींनी चालून बघितल्यावर मग पटलं. बैल हाकायची वेळ आली की काठी हात बदलते, तेवढं मी सोडून दिलं.

रात्रीचं ओलीत पहिल्या हिवाळ्यात पूर्ण बंद. रात्रपाळीची लाइन, चिखल, आडवे पाइप, एका हातात बॅटरी आणि जमिनीचा अंदाज न येणारं पाऊल: यात पडणं ठरलेलंच. हरभऱ्याचं ओलीत पुतण्यानं धरलं. बदल्यात काकाजींनी त्याच्या घरचं हिशेबाचं, बाजाराचं काम घेतलं. असा अदलाबदल भाऊबंदकीत सहज होत नाही. इथे झाला, कारण काकूंनी जावेशी आधीच बोलून ठेवलं होतं.

मोटरसायकल हा प्रश्न मला रुग्ण स्वतःहून कधीच विचारत नाहीत. गिअर डाव्या पायात असतो. चवडा पट्टीखाली घालून वर उचलायचा गिअर असेल तर डावं पाऊल पडलेल्या माणसाला तो टाकता येत नाही. पुढे-मागे दोन्हीकडे दाबायची पट्टी असेल तर निदान वर उचलावं लागत नाही, पण पावलाखाली पट्टी आहे की नाही हे बधिर पावलाला कळत नाही, आणि गाडी थांबताना जो पाय आधी टेकतो तोही डावाच. ताकद चारवर येईपर्यंत गाडी बंद ठेवली. यावर आमचं जितकं वाजलं तितकं ऑपरेशनवरही वाजलं नव्हतं.

बधिर पावलाची निगा काकूंकडे आली. सोयाबीनची धसकटं टोकदार असतात, पांदणीला बाभळीचे काटे. संध्याकाळी पाय धुतल्यावर उजेडात तळवा आणि बोटांमधल्या फटी पाहायच्या. शेक पूर्ण बंद. न्हाणीत पाणी ओतताना आधी उजव्या पायावर, मग डाव्यावर.

या सगळ्यात काकूंचं काम किती वाढलं, ते कुठल्याच केस पेपरवर येत नाही. वेचणी त्यांची, गुरं त्यांची, वर मोजमाप आणि पायाची निगा त्यांचीच. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी त्या स्वतःची कंबर दाखवायला आल्या तेव्हा मी आधी पाठीवरच्या ओझ्याची चौकशी केली. वेचणीची ओटी भरली तरी त्या फेरा वाचवायला तशीच लोंबकळत ठेवून वेचत राहायच्या. अर्ध्यात रिकामी करायची, एवढ्या बदलानं बराच फरक पडला.

वर्षभरानंतर

पुढच्या मृगापर्यंत पाऊल उचलणारा स्नायू साडेतीन-चारच्या मध्ये आला. वखरणीला ते बैलांमागे चालले, मात्र दर तासाला धुऱ्यावर बसून, कारण थकवा आला की पाऊल पुन्हा आपटायला लागतं. सकाळी नीट आणि संध्याकाळी लुळं, हा फरक खूप दिवस राहतो. त्यातून घाबरण्यासारखं काही नसतं, कामाचं माप ठरवायला तो उपयोगी पडतो. सोयाबीन पुन्हा मळणीला आलं तेव्हा माप पक्कं चारवर होतं. अंगठा मात्र तीनच्या पुढे सरकलेला नाही, आणि आता फार सरकेल असं मला वाटत नाही. अंगठ्याच्या बेचक्यात बधिरपणा आहे. रबराची सँडल ते आता फक्त चिखलात घालतात.

कट्टे उचलणं बंद आहे, निदान मला सांगितलं जातं तसं. फवारणीवर आमचं एकमत नाही. भरलेला सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन ओल्या तासातून चालणं मला नको आहे. त्यांचं म्हणणं, अर्धा पंप भरून दोन फेरे केले तर काय बिघडलं. अर्ध्या पंपाला मी हो म्हटलं आहे, पण बूट घालून, सकाळच्याच वेळात आणि भिंतीवरची कोळशाची खूण खाली उतरली नाही तोवरच.